कढीची दुसरी पळी

अब्बास होडेकर म्हणजे बंदरवाडीच्या मशिदीचा इमाम. दाढी बेताची, आवाज खाडीपलीकडे पोचणारा आणि मासळीचा नाद असा, की हा माणूस नमाज पढवतो की लिलाव करतो असा प्रश्न परक्या माणसाला पडावा. सकाळी होड्या लागल्या की टोपी सारखी करत स्वारी किनाऱ्यावर हजर. मासा उचलायचा, उन्हाकडे धरायचा, शेपटीकडून डोक्याकडे नख फिरवायचं आणि नखाला खवला लागतो का ते निरखून बघायचं. पेडवा पास. बांगडा पास. मोरी नापास. कोळंबीकडे तर ढुंकूनही बघायचं नाही.

"काय रे मौलवी, मासो घेतंस काय त्याचो पासपोर्ट बघतंस?" मासे विकायला बसलेली शेवंती दर शुक्रवारी विचारायची.

"हजानसाहेबांसाठी घेतंय गो."

"मगे ही मोरी घे. ताजी फडफडीत."

"तिका खवले नाय."

"खवले नाय, पण चव आसा मरे! तुज्या देवाक चव कळणा नाय?"

"माज्या देवाक सगळा कळता. माका दर्यातला कायव चलता. हजानसाहेबांच्या देवान मात्र खवले आणि पर बघून घेवक सांगल्यान हा."

"आणि बघतंस तू!" शेवंती शेजारणीकडे बघून डोळे मिचकवायची. "देव एकाचो आणि हमाली दुसऱ्याची."

अब्बासला हा टोमणा आवडायचा. खरं सांगायचं तर तो टोमणा ऐकायलाच तो जरा जास्त वेळ नख फिरवत बसायचा. दुसऱ्याच्या धर्माचे नियम आपण त्याच्याइतकेच काटेकोर पाळतो याचा त्याला थोडा अभिमान होता. थोडा म्हणजे, मशिदीत, एसटी स्टँडवर आणि व्हॉट्सअॅपवर सांगण्याइतका.

हजानसाहेब म्हणजे हस्केल झिराडकर. रायगडातल्या एका गावात त्यांनी आयुष्यभर आपल्या बेने इस्रायल लोकांची प्रार्थना चालवली. हजान म्हणजे काय, असं बंदरवाडीने विचारलं तेव्हा अब्बासने सांगितलं, "ज्यू लोकांचो इमाम." फादर मिंगेल लुद्रिकने सांगितलं, "पाद्रीच, पण लग्न केललो." हस्केलकाकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालेल. तसं आमच्याकडे जुनी माणसं प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतात." त्या दिवसापासून अब्बासने त्यांना आपल्या पार्टीत धरलं आणि फादर ते अजून विसरलेला नाही.

काकांचे वडील मिठाच्या खात्यात होते. बदली होऊन इकडे आले तेव्हा खाडीकाठी एक माडांची बाग घेऊन ठेवली. तौक्ते वादळात त्यातले निम्मे माड आडवे झाले. ते बघायला म्हणून काका आले. बायको वारलेली, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष गावात जमेनासे झालेले, मुलगी रिबेका ठाण्याला. इथे येऊन बघतात तो घराचं छप्परही गेलेलं. चर्चची कौलंही गेली होती. गावात धड स्लॅब एकच, मदरशाची. तिथे अब्बासने सगळ्यांना घेतलं. एका कोपऱ्यात फादरने मिस्सा म्हटली, एका कोपऱ्यात काका पश्चिमेचा अंदाज घेत शाल पांघरून उभे राहिले, आणि मधल्या जागेत गावातली पोरं पत्ते खेळली. वादळ गेलं, कौलं बसली, पण तिघांची सोबत सुटली नाही. मंगळवारी तिघं मिळून सरकारी दवाखान्यात जायचे, कोणाचा पेशंट ते न विचारता खाटेशी बसायचे. जाळ्यांवरून भांडण लागलं की तिघं मिळून जायचे. एकाने समजावलं, दुसऱ्याने समजावलं, की तिसरा तोंड उघडायच्या आत दोन्ही पार्ट्या कंटाळून समेट करायच्या.

आणि शुक्रवारी तिघं मिळून अब्बासकडे जेवायचे. शुक्रवार सगळ्यांना बरा पडायचा. अब्बासची जुम्म्याची नमाज झालेली असायची. काकांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, संध्याकाळी लागायचा. फादरला शुक्रवारी मटण नको असायचं. तेव्हा मासा. माशाची कढी, भात, भाकरी. अब्बासची बायको नूरबानो हिच्या हाताला अशी चव, की फादर बुधवारपासूनच कमी जेवायचा.

पहिल्या शुक्रवारी काका ओटीवर बसले, पण हात पुढे करीनात. तेव्हा अब्बासने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "हजानसाहेब, तुमच्या धर्मात बसत नाय असा कायव माझ्या घरात तुमच्या पानात येवचा नाय. माझी जबाबदारी." आणि जबाबदारी त्याने घेतली ती घेतलीच. कढीसाठी नवं मातीचं मडकं आणलं. त्यात खवल्यांच्या माशाखेरीज काही शिजायचं नाही. सुरी वेगळी. पळी वेगळी. घरातली कोळंबी दुसऱ्या टोपात, दुसऱ्या चुलीवर. काकांनी हे सगळं बघितलं आणि मग भाकरीचा तुकडा मिठाला लावून, हिब्रूत देवाचं नाव घेऊन ते जेवले. त्याला आता तीन वर्षं झाली.

त्या शुक्रवारी मात्र नूरबानो घरी नव्हती. विजयदुर्गला तिच्या आईचा पाय मुरगळला म्हणून लेकीला, इल्माला घेऊन ती माहेरी गेली होती. "आज राहू दे," असं अब्बासला सांगता आलं असतं. पण त्याने सकाळी शेवंतीकडून बांगडे घेतले आणि जाहीर केलं, "आज मी रांदतलंय." जुम्मा आटोपून आला, मोबाइल पाट्यावर उभा करून ठेवला आणि नूरबानो विजयदुर्गहून हुकूम सोडू लागली.

"वाटप घातलात?"

"घातलंय."

"तिरफळां?"

"ठेचून घातलंय."

"आता वरच्या फळयेर पितळेची डबी आसा, ती काडा. त्यातली चिमूटभर घाला. मोठी चिमूट."

अब्बासने डबी काढली. आत तपकिरी पूड. टाकली. आणि मडक्यातून तो वास उठला, दर शुक्रवारी गल्लीच्या टोकाला येतो तोच. अब्बास खूश झाला. बाहेर ओटीवर फादर आणि काका येऊन बसले होते. फादरचा आवाज आला, "अरे इमामा, वासानच पोट भरवचा ठरवलंस काय?"

"नूरबानो," अब्बास फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "काय गो ह्या? काय घालतंस तू ह्येच्यात?"

"जवळो."

"काय?"

"सुको जवळो. भाजून वाटून ठेवलेलो. आमच्या आयेची रीत ती. शेजारणीक सांगा नको हां, कधीपासून माज्या मागे लागल्यात."

जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. कोळंबीला खवले नसतात. हे अब्बासला कोणी सांगायची गरज नव्हती, तोच सगळ्या बंदराला सांगत फिरायचा.

"कधीपासून घालतंस?" त्याने विचारलं.

"लगीन झाल्यापासून. कित्याक? कमी पडलो?"

अब्बासने फोन बंद केला. मडक्यात कढी रटरटत होती. त्याने पळी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. बाहेर जाऊन सांगायचं, एवढंच होतं. कढी नको, आज भाकरी आणि केळी खाऊया. वाक्य तयारही झालं. ते घेऊन तो उंबऱ्यापर्यंत गेला, तर काका बोलत होते.

"रिबेका येतेय पुढच्या शुक्रवारी," ते फादरला सांगत होते. "म्हणते, बाबा, तिकडे तुमचं खाण्यापिण्याचं कोण बघणार, ठाण्याला चला. मी म्हटलं, आधी ये. अब्बासकडे एकदा जेव. त्याच्या घरचं शिस्तीचं स्वयंपाकघर बघ, आणि मग मला ठाण्याला चला म्हण."

अब्बास उंबऱ्यातून माघारी फिरला. मडकं उतरवलं आणि बाहेर आणून ठेवलं. काकांनी हात धुतले होते, भाकरीचा तुकडा उचलला होता, प्रार्थना सुरू झाली होती. प्रार्थनेच्या मध्ये कसं बोलायचं, हे त्याला पहिलं निमित्त मिळालं. प्रार्थना झाली तोवर फादरने ताट पुढे केलं होतं. हे दुसरं. चिमूटभरच तर आहे, हे तिसरं. निमित्तांना त्या दिवशी तोटा नव्हता. त्याने वाढलं.

काका जेवले. बोटं चाटली. मग ताट पुढे करून म्हणाले, "नूरबानोला सांगू नकोस, पण तुझ्या हाताला तिच्यापेक्षा चव आहे. घाल अजून एक पळी."

आणि अब्बासने घातली. मडक्याच्या तळातून ढवळून, भरून घातली. ती घालताना तो हसलासुद्धा. पुढचा आठवडाभर त्याला सगळ्यात जास्त त्रास त्या हसण्याने दिला.

शनिवारी मशिदीत त्याने हिशेब चुकून नमाजच्या दोन रकात जास्त पढवल्या. रविवारी बांग दिली ती खाडीपलीकडे पोचलीच नाही. सकाळी किनाऱ्यावर गेला नाही, तेव्हा शेवंतीने निरोप पाठवला, मासे विचारतत मौलवी खंय म्हणून. त्यात पुढच्या जुम्म्याच्या प्रवचनाचा विषय त्याने स्वतःच महिन्यापूर्वी ग्रुपवर टाकून ठेवलेला होता: अमानत. म्हणजे कोणी विश्वासाने आपल्याकडे सोपवलेली गोष्ट. खाली चाळीस जणांनी अंगठे दिले होते. पहिला अंगठा हस्केलकाकांचा.

सोमवारी दुपारी तो चर्चमध्ये गेला. फादर लुद्रिक पापनिवेदनाच्या लाकडी पेटीत बसला होता. सोमवारी तिथे कोणी येत नाही. फादर तिथे बसतो कारण पेटी गार असते आणि फोनवर फुटबॉल बघताना कोणी उठवत नाही. जाळीपलीकडे कोणीतरी गुडघे टेकले तसा त्याने फोन झाकला.

"बोल, माझ्या लेकरा."

"फादर, माज्या हातून पाप घडला हा."

"कोण रे? अब्बास?" फादरने जाळीला डोळा लावला. "तू हयसर खंय? ही पेटी तुमच्या लोकांची नाय."

"हयसर बोलल्याला भायर जाणा नाय म्हणतत."

"ता जाणा नाय."

"मगे माका हयसरच बोलाचा आसा."

आणि त्याने सांगितलं. डबी, जवळा, उंबरठा, दुसरी पळी. सांगून झाल्यावर पलीकडून हसण्याचा आवाज येईल आणि आपल्याला थोडं बरं वाटेल असा त्याचा हिशेब होता. हसणं आलं नाही. फादर म्हणाला, "जवळ्याचा माका ठाऊक व्हता."

"काय?"

"माझी आवस देवगडच्या बाजारात सुकी मासळी विकी. त्या वासात मी लहानाचो मोठो झालंय रे. पयल्याच शुक्रवारी माका कळला."

"मगे तीन वर्सां बोललंस नाय कित्याक?"

"तू छातयेर हात मारून सांगी व्हतंस, सगळा तपासलंय म्हणान. माका वाटला हजानाक विचारून घातला असतला." फादर थांबला. लाकूड करकरलं. "नाय. ता खरा नाय. माका वाटला, विचारलंय तर कढी बंद होतली."

मग फादर म्हणाला, "माका माफी दी."

"मी? आमच्यात इमामाकडे तशी सोय नसता."

"मगे आता?"

"आता हजानाकडे जावया. दोगेव."

चर्चच्या पायऱ्या उतरताना फादरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ हां. नकळत झाला, तीन वर्सां झाला, ता सांगूया. कधी कळला, ता तो कशाक विचारतलो?" हा सल्ला अब्बासने टोपीखाली नीट ठेवून दिला, हे कबूल करायला हवं.

हस्केलकाका बागेत गाद्या उन्हात टाकत होते. रिबेकासाठी चादरी धुऊन माडांमध्ये वाळत घातल्या होत्या. दोघांना बघून त्यांनी बागेतल्या गड्याला शहाळी काढायला सांगितली. फादरने शहाळ्यांची, माडांची आणि वादळाची तारीफ करून झाल्यावर अब्बासने एका दमात सांगून टाकलं. नूरबानोच्या कढीत सुरुवातीपासून जवळ्याची पूड असते. मला ठाऊक नव्हतं. मी जबाबदारी घेतली होती.

"माका ठाऊक व्हता," फादर मान खाली घालून म्हणाला. "वासावरून. मी बोललंय नाय."

काका गादीच्या काठावर बसले. "जवळा? पेणच्या बाजारात ढीग असतो, तो?"

"तोच."

काकांच्या तोंडावर आधी काहीच नव्हतं. मग मिशी हलली. "तरीच म्हटलं, एवढी चव कुठून येते! आमची ही असती तर हसून लोळली असती. तिला जवळ्याचा वास फार आवडायचा. शेजारणीच्या दारात उभी राहायची. म्हणायची, खायला मनाई आहे, वास घ्यायला कुठे आहे?" ते फादरकडे वळले. "तुमचा हावरटपणा मला ठाऊक होता, फादर. त्याबद्दल वेगळं बोलू. आणि अब्बास, नकळत झालं ते नकळत झालं. देवाला तेवढं कळतं. एक उपास धरीन मी."

अब्बासच्या छातीवरून एक आख्खी होडी उतरली. फादर तर उठून उभाही राहिला, शहाळ्याची कवटी कुठे टाकायची ते बघू लागला.

"तुला कधी कळलं पण?" काकांनी सहज विचारलं.

फादर माडाच्या शेंड्याकडे बघू लागला. 'काल' म्हणायचं होतं. विजयदुर्गहून फोन आला आणि बोलता बोलता कळलं, इतकं सोपं. टोपीखालचा सल्ला गरम झाला होता. अब्बासने तोंड उघडलं, आणि समोर काका, तेच बघणं. पहिल्या शुक्रवारी भाकरी उचलण्याआधी बघितलं होतं, ते.

"शुक्रवारी," तो म्हणाला.

"जेवण झाल्यावर ना?"

"नाय. आदी."

"वाढायच्या आधी?"

"हो."

माडांमधली एक चादर वाऱ्याने उडून गाद्यांवर आली. कोणी उचलली नाही.

"दुसरी पळी वाढलीस तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"व्हता."

"ती मी मागून घेतली होती, अब्बास," काका म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी उठून चादर गोळा केली, झटकली, पुन्हा दोरीवर टाकली. "तुम्ही निघा आता. मला घर आवरायचंय."

नूरबानो बुधवारी परत आली. अब्बासने तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती रडेल, आपल्या हातून एवढं झालं म्हणून हळहळेल, आणि आपण तिला समजावू. नूरबानोने पिशवी खाली ठेवली.

"तीन वर्सां तुमी तिगे ओटयेर बसून बोलतास," ती म्हणाली. "खवले बघलात. पर बघलात. सुरी बघलात, मडक्या बघलात. किती किताबां उगडलात! चुलीकडे कोण इलो काय? एकान तरी माका विचारल्यान, नूरबानो, तू ह्येच्यात काय घालतंस?"

"माका वाटला..."

"तुमका वाटला कढी आपोआप होता." तिने डबी फळीवरून काढली आणि दुसऱ्या चुलीकडे, कोळंबीच्या टोपाशेजारी ठेवली. "कोळंबी दुसऱ्या टोपात शिजवक सांगलात, पण ही पूडव चलणा नाय, ता माका सांगलेला असता तर मी घालतंय? म्हाताऱ्याचो धरम माज्या हातान मोडलास तुमी. आणि ता कळल्यार वरती पळी भरून वाढलास!"

मग तिने ते मातीचं मडकं उचललं. अब्बास म्हणाला, उकळत्या पाण्यात घालून घेऊया. "मातयेचा भांडा असा साफ होणा नाय," नूरबानो म्हणाली. "हजानकाकांनीच सांगलेल्यानी एकदा. तुमी ओटयेर व्हतास, मी आत. माका ऐकाक येता." मडकं तिने परसात नेलं, त्यात पाणी भरलं आणि कोंबड्यांपुढे ठेवलं. गुरुवारी दुपारी ओढणी डोक्यावर घेऊन एकटीच खाडीकाठी काकांच्या बागेत गेली. तिसऱ्या प्रहरी, अस्राच्या बांगेच्या सुमारास परत आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचं तोंड अब्बासला उरलं नव्हतं.

शुक्रवारी मशीद भरली होती. अमानत ऐकायला लोक नेहमीपेक्षा लवकर आले होते. अब्बास प्रवचनासाठी मिंबरच्या पायऱ्या चढला. कागद काढला, घडी घातली, परत ठेवला. "ज्यान विश्वासान ताट पुढे केल्यान," तो म्हणाला, "त्याच्या ताटात आपण काय वाढतो, ता आपणाक ठाऊक असाक व्हया. आणि ठाऊक झाला तर हात थांबाक व्हयो. माजो थांबलो नाय." आणखी दोन वाक्यं बोलून तो उतरला. खालच्या लोकांना अर्थ लागला नाही, पण इतक्या वर्षांत जुम्मा पहिल्यांदाच वेळेत सुटला म्हणून म्हाताऱ्यांनी त्याचा हात जरा जास्तच प्रेमाने दाबला.

घरी ओटीवर फादर एकटा बसला होता. काकांची खुर्ची रिकामी. नूरबानो आत भात करत होती. चुलीवर कढी नव्हती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. फादरने दोनदा घड्याळ बघितलं आणि दोन्ही वेळा माफी मागितल्यासारखा हात खाली घेतला.

मग गल्लीच्या टोकाला काकांची पांढरी टोपी दिसली. शेजारी एक उंच बाई, खांद्याला पर्स, कपाळाला आठ्या. ही रिबेका. काकांच्या हातात कोरं मडकं होतं, अजून कुंभाराच्या राखेचा हात लागलेलं. अब्बास पुढे झाला, दोन्ही हात पसरले.

"तुझ्याकडे नाही," काका म्हणाले. "नूरबानोला बोलाव."

नूरबानो दारात आली. काकांनी मडकं तिच्या हातात दिलं. रिबेका चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली. आतून बराच वेळ दोघींचे आवाज येत राहिले. हे काय, ते कुठे ठेवतेस, या टोपात काय शिजतं. नूरबानो सगळं उघडून दाखवत होती, आणि तीन धर्मांचे तीन पुढारी बाहेर शाळेतल्या पोरांसारखे निकालाची वाट बघत बसले होते. शेवटी आतून काहीतरी फुटावं तसं हसू आलं. रिबेकाचं. तिच्या आईची गोष्ट तिने नूरबानोला सांगितली असावी, शेजारणीच्या दारातल्या वासाची.

कढी झाली. पेडव्यांची. चव साधी होती. फादरने एक घास घेतला, छताकडे बघितलं आणि मुकाट्याने दुसरा घेतला. मडकं समोर आलं तेव्हा अब्बासने सवयीने पळी उचलली. काकांनी ताटावर हात आडवा धरला.

"तिला वाढू दे."

अब्बासने पळी नूरबानोच्या हातात दिली आणि पाहुण्यांच्या ओळीत जाऊन बसला, आपल्याच घरात.

रिबेका रविवारी एकटीच ठाण्याला गेली. काका राहिले. तिघं मंगळवारी दवाखान्यात जातात. परवा जाळ्यांवरून भांडण झालं तेव्हा तिघांनी मिळून दोन्ही पार्ट्यांना कंटाळवून सोडलं. अब्बास अजूनही सकाळी किनाऱ्यावर जातो, मासा उन्हाकडे धरतो, नख फिरवतो. शेवंती टोमणा मारते तेव्हा पूर्वीसारखा रेंगाळत नाही, मासे पिशवीत टाकून निघतो.

शुक्रवारी ओटीवर ताटं मांडली की काका भाकरीचा तुकडा मिठाला लावतात, देवाचं नाव घेतात. नूरबानो पळीभर कढी वाढते. काका ती भातावर नीट पसरतात, शेवटच्या शितापर्यंत जेवतात. मग नूरबानो पळी बुडवून विचारते, "काका, आणखी वायच घालू?"

"पुरे, बाळा," काका म्हणतात. "बास झालं."

त्या वेळी अब्बास मान खाली घालून आपल्या ताटातली तिरफळं एकेक करून काठाला लावत बसलेला असतो.